खिम्याचा रोडगा

रोडगा म्हणजे काय, हे वऱ्हाडातील वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु हे त्रैमासिक वसईला जाते, पुण्याला जाते, नगर जिल्ह्यातील धर्मग्रामांतही जाते. म्हणून दोन शब्द लिहिते. कणकेच्या लाट्यांना तेल लावून, एकीत एक गुंडाळून, मुठीएवढा घट्ट गोळा करतात आणि तो गोवऱ्यांच्या विस्तवात पुरतात. येथे जाळ नको असतो, आर हवा असतो. आर म्हणजे जाळ ओसरल्यानंतर उरलेला, वरून राखेने झाकलेला व आतून लाल असलेला निखारा. रोडगा भाजला की बाहेर काढून राख झटकतात, फोडून त्यावर तूप ओततात आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खातात. नवस फेडायला निघालेली कुटुंबे देवस्थानाजवळच्या झाडाखाली रोडग्यांचा स्वयंपाक मांडतात, तेव्हा वाट पाहणे हा त्या जेवणाचाच एक भाग असतो. घाई केली तर बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची कणीक, असा प्रकार होतो.

आमच्या घरी रविवारी रात्री जो पदार्थ होतो, त्याला अंजनगाव सुर्जीच्या आमच्या गल्लीने ‘किरिस्तावायचा रोडगा’ असे नाव दिले. त्यात कणीक नाही. बोकडाचा खिमा, भिजवून पिळलेला शिळा पाव, कांदा, आले, लसूण, पुदिना व अंडे एकत्र मळून लांबट पत्र्याच्या डब्यात दाबून बसवायचे आणि तो डबा मंद आरावर चार-पाच तास विसरून जायचा, एवढीच त्याची कृती. माझे वडील त्याला ‘मीट लोफ’ म्हणत. मामंजींना तो शब्द उच्चारता येत नसे, आणि त्यांना त्याची गरजही वाटत नसे. शेजाऱ्यांनी दिलेल्या नावातील ‘किरिस्ताव’ तेवढा काढून टाकून त्यांनी त्याचे ‘खिम्याचा रोडगा’ असे नामकरण केले. तेच नाव आज आमच्या चौथ्या पिढीच्या तोंडी आहे.

हा पदार्थ माझ्याबरोबर भुसावळहून आला. माझे वडील तेथील रेल्वेच्या रनिंग रूममध्ये आचारी होते. गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड परतीची गाडी मिळेपर्यंत जेथे विसावतात, ती रनिंग रूम. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या काळापासून भुसावळ हे इंजिनांचे मोठे ठाणे, त्यामुळे गावात अँग्लो-इंडियन कुटुंबांची वस्ती मोठी होती. अशाच एका ड्रायव्हरच्या पत्नीकडून वडिलांनी ही कृती उचलली. रनिंग रूमच्या आचाऱ्याची खरी अडचण चवीची नसते, वेळेची असते. गाडी रात्री नऊला येणार म्हणून स्वयंपाक करावा आणि ती पहाटे दोनला यावी! डब्यातील चपाती चामड्यासारखी झालेली, रश्श्यावर चरबीचा पापुद्रा धरलेला आणि समोर इंजिनाच्या धगीने करपलेला माणूस जेवायला बसलेला. अशा माणसाला तास-दोन तास उशीर झाला तरी बिघडणार नाही असे अन्न हवे होते. वडील म्हणत, “माणसाने अन्नाची वाट पाहू नये, अन्नाने माणसाची पाहावी.” त्या डब्याचा मोठेपणा त्यांना यातच वाटे.

१९७४ मध्ये माझे लग्न झाले आणि मी अंजनगावला आले. भुसावळहून मूर्तिजापूरपर्यंत मोठी गाडी आणि तेथून अचलपूरकडे जाणारी अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ‘शकुंतला’. तिला त्या काळी वाफेचे इंजिन होते. १९९४ मध्ये ते जाऊन डिझेल आले, आणि पुढे गाडीच बंद पडली. धावत्या शकुंतलेतून उतरून, शेतातली बोरे तोडून पुन्हा तिच्यात चढता येते, असा विनोद आमच्या भागात सर्रास केला जाई. दिवसभराच्या त्या प्रवासात माझ्या ट्रंकेत सहा लुगडी, एक क्रूस, जपमाळ आणि वडिलांनी भुसावळच्या डबेवाल्याकडून मुद्दाम बनवून घेतलेला नऊ इंच लांबीचा पत्र्याचा डबा होता. सासरच्या बायकांनी तो डबा तेलासाठी आहे की दागिन्यांसाठी, यावर बराच खल केला.

अंजनगावात तेव्हा आमची कॅथलिक घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मिस्सेसाठी दुसऱ्या गावी जावे लागे. फादर सकाळी इतर ठिकाणची मिस्सा आटोपून तेथे येत, म्हणून आमची मिस्सा दुपारी चारला असे. आजच्या पिढीला यात काही विशेष वाटणार नाही. परंतु मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा न घेता ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्याच्या जुन्या नियमात दुपारची मिस्सा खेड्यापाड्यांतल्या लोकांना झेपणारी नव्हती. पोप बारावे पायस यांनी १९५३ मध्ये सायंकाळच्या मिस्सेला वाट करून दिली, १९५७ मध्ये तो उपवास तीन तासांवर आणला, आणि १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी तो एक तासाचा केला. आमच्यासारख्या विखुरलेल्या घरांना रविवार लाभला तो या सवलतींमुळे.

सवलत मिळाली, तरी एस.टी. वेळेवर येईलच असे नव्हते. दुपारी दोनला घर सोडायचे आणि रात्री आठ-साडेआठला परतायचे, असा आमचा रविवार असे. घरात अकरा माणसे, त्यांत पाच मुले, आणि परतल्यावर सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत असत. सासूबाई माझ्या लग्नापूर्वीच निवर्तल्या होत्या. शनिवारचे वरण उकळून भाकरी थापायच्या म्हटल्या तरी दहा वाजत. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी ट्रंकेतून डबा काढला.

परसात रोडग्यांसाठी दगड लावलेला एक खड्डा होताच. इंधनाची निवड मला मामंजींनी शिकवली. वऱ्हाडात जळण म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्या. कापूस आणि तूर निघाल्यावर शेतात उरलेली ही खोडे भडकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात. चहाला उत्तम, रोडग्याला निरुपयोगी. बाभळीच्या ढलप्यांचा निखारा दमदार, पण त्याची धग एकाच बाजूला लागते. या कामी गोवरीच खरी. ती सावकाश पेटते, सावकाश विझते, आणि तिची राख निखाऱ्याला पांघरुणासारखी जपते. राख उष्णतेची दुर्वाहक असते, हे मामंजींनी कोणत्याही शाळेत न जाता जाणले होते. ते जिनिंगमध्ये कामाला होते आणि स्वाक्षरीपुरतेच शिकलेले होते.

प्रथम अर्धा तास आर सडकून ठेवायचा, मग वर राख ओढून मंद करायचा, हा वडिलांचा दंडक होता. त्यामागील कारण मला फार पुढे एका गृहविज्ञानाच्या पुस्तकात वाचायला मिळाले. मांसाच्या अखंड तुकड्यावर जे रोगजंतू असतात ते बहुधा पृष्ठभागावर असतात. खिम्यात मात्र बाहेरचे आत व आतले बाहेर झालेले असते. म्हणून कोमट अवस्थेत तो फार वेळ राहता कामा नये, आणि त्याच्या गाभ्यापर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापमान पोहोचले पाहिजे. तितकेच खरे हेही की खिम्याला एकदम तडाखा दिला तर मांसाचे तंतू आक्रसतात, रस पिळून बाहेर येतो आणि डब्यात वीट तयार होते. जून बोकडाच्या मांसातील चिवट भागाला विरघळून मऊ होण्यास तासन्‌तास मंद उष्णता लागते. आधी धग, मग धीर, असा तो क्रम आहे. आमच्याकडे तापमापक नव्हता. विणकामाची सुई मध्यभागी खुपसायची. बाहेर येणारा रस स्वच्छ असला की झाले, लालसर असला की डबा पुन्हा आरावर.

खिमा अर्धा किलो असे. त्याहून अधिक परवडत नसे, आणि तोही खाटकाकडून डोळ्यांदेखत सत्तूरने कुटून घ्यायचा, नाहीतर त्यात काय काय कुटले जाईल याचा भरवसा नसे. अर्धा किलो खिमा अकरा माणसांना पुरवायचा म्हणजे त्यात पाव हवा, आणि पाव पुरला नाही तर शिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ हवी. अमेरिकेत १९३०च्या दशकातील महामंदीत गृहिणींनी हाच उपाय केला, आणि मीट लोफ तेथल्या घरोघरी रुजला. उपाय मात्र त्याहून कितीतरी जुना आहे. आपिकियुस या नावावर चालत आलेल्या प्राचीन रोमन पाककृतींच्या संग्रहात खिमा, द्राक्षारसात भिजवलेला पाव आणि मिरी एकत्र मळून केलेल्या वड्या आहेत. गरिबाने मांस वाढवायला पाव घातला आणि श्रीमंताने मऊपणासाठी; डब्यात दोघांचे एकच झाले.

मिरीवरून आठवले. आमच्या अंजनगावच्या पानमळ्यांत विड्याच्या पानांच्या जोडीने पानपिंपरीचे वेल असतात. बारी समाजाची मंडळी हे नाजूक पीक सावलीत, मुलासारखे जपतात. तिची वाळलेली बारीक कणसे औषधांसाठी बाहेर जातात. संस्कृतातील पिप्पली ती हीच. लॅटिनमधील ‘पिपेर’ आणि इंग्रजीतील ‘पेपर’ हे शब्द या पिप्पलीवरूनच निघाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये लांब पिंपळीचा भाव पौंडाला १५ दिनार होता आणि काळ्या मिरीचा ४, असे प्लिनीने नोंदवून ठेवले आहे. मामंजींना सर्दीवर पिंपरी मधातून घेण्याची सवय होती. एका हिवाळ्यात त्यांनी चिमूटभर पूड माझ्या खिम्यात टाकली. तिखटपणा जिभेवर सावकाश चढतो आणि घशात रेंगाळतो. तेव्हापासून भुसावळच्या डब्याला अंजनगावची चव आली, आणि काळी मिरी आमच्या खिम्यातून बाद झाली.

आता कापण्याविषयी. रश्श्याचे मटण वाढताना घरात जे राजकारण होते ते सर्वांना ठाऊक आहे. नळी कोणाला, कलेजी कोणाला, कोणाच्या ताटात नुसतेच बटाटे. वाढणारीचा हात कोणाकडे झुकतो हे सासर-माहेरच्या साऱ्या नजरा टिपत असतात. खिम्याच्या रोडग्यात नळी नाही आणि कलेजीही नाही. तो सगळ्यांच्या समोर पालथा घालायचा, अर्धा तास निवू द्यायचा, कारण गरम असताना सुरी लावली तर भुगा होतो, आणि त्याचे बारा काप करायचे. फादर एकदा जेवायला होते. बारा काप प्रेषितांच्या संख्येवरून केले आहेत असे समजून ते प्रसन्न झाले. वस्तुतः डबा नऊ इंचांचा आणि पाऊण इंचाहून पातळ काप उचलताना तुटतो, एवढेच त्यामागे होते. अकरा आमचे आणि बारावा, जो कोणी दारात येईल त्याचा. तो सहसा उरत नसे.

१९८७ च्या पावसाळ्यात आमच्या घरात धुऱ्याचा वाद सुरू झाला. धुरा म्हणजे दोन शेतांमधील बांध. मामंजींनी जिनिंगच्या पगारातून चार एकर जमीन घेतली होती आणि ती तोंडी वाटणीने दोन्ही मुलांना, म्हणजे यांना व माझ्या दिरांना, कसायला दिली होती. मोजणी झालेली नव्हती. एका पेरणीला यांना वाटले की भाऊजींच्या नांगराने आपल्याकडची दोन तास खाल्ली. भाऊजींना वाटले की सीमेचा दगड आधीच सरकवलेला होता. दोन तास म्हणजे जेमतेम तीन हातांची पट्टी. तिच्यावर कापसाची किती बोंडे लागली असती, हे मी एकदा मोजायला बसले आणि लाज वाटून थांबले. पण वाद बोंडांचा नसतोच. त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. भाऊजींनी चूल वेगळी केली. वकील झाले, अर्ज झाले, मोजणीच्या तारखा पडल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या.

मामंजींनी कोणाचीच बाजू घेतली नाही. त्यांनी दोघांना परसात बोलावून एवढेच सांगितले, “कोर्टात जायाचं असन त जा. पन रविवारी राती दोघायनंही इथंच जेवाचं.” आणि दुसरा नियम घातला, “जो कापीन तो सर्वायच्या मांगून घेईन.” एका रविवारी सुरी यांच्या हाती, पुढच्या रविवारी भाऊजींच्या. ज्याने कापायचे त्याने उरलेला शेवटचा काप घ्यायचा. ही युक्ती नवी नाही. दोन मुलांत एक पेढा वाटताना जगभरच्या आया ती वापरीत आल्या आहेत. पण चाळिशीला आलेले दोन पुरुष, एकमेकांकडे न पाहता, ओठ आवळून बसलेले आणि त्यांतील एक जण पाऊण इंचाचे बारा काप सोन्याच्या काट्यावर तोलल्यासारखे पाडतो आहे, हे दृश्य ज्याने पाहिले नाही त्याला त्याचे गांभीर्य कळणार नाही. आम्ही दोघी जावा आणि मुले श्वास रोखून पाहत असू. एखादा काप जाड झाला तर पहिला मान असलेला दुसरा भाऊ नेमका तोच उचली. मग पुढच्या रविवारी कापणी अधिक नेमकी होई.

त्या जेवणात संभाषण असे नव्हतेच. मामंजी भोजनापूर्वीची प्रार्थना म्हणत, भाकरी मोडल्याचा आवाज होई, कोणी तरी ठेचा मागे. परंतु एस.टी. चुकली तर आलेल्याने न आलेल्याची वाट पाहावी लागे, कारण सर्व जमल्याशिवाय डबा पालथा होत नसे. आरावरचा डबा घाई करीत नसल्यामुळे मामंजींनाही घाई नसे. कित्येकदा हे ओट्यावर आणि भाऊजी परसात, असे दोघे तासभर एकाच डब्याची वाट पाहत बसले आहेत. प्रायश्चित्तकाळात राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत डबा खुंटीला टांगलेला राही. पण रविवारचे जेवण चुकत नसे, त्याऐवजी साधे रोडगे होत. पाच वर्षे हा क्रम चालला.

आमच्या गावाचे नाव इतिहासाच्या पुस्तकात आले आहे ते एका वाटणीमुळेच. अडगावच्या लढाईनंतर आणि गाविलगड पडल्यानंतर, ३० डिसेंबर १८०३ रोजी येथे दौलतराव शिंदे यांच्या वतीने तह झाला, आणि गंगा-यमुनांच्या दुआबापासून भडोच-अहमदनगरपर्यंतचा मुलूख इंग्रजांच्या पदरात पडला. समोरच्या बाजूला आर्थर वेलस्ली होता, पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला तो. त्या वाटणीत ज्याने कापले त्यानेच आधी घेतले. शाळेत हा धडा शिकवताना मला दर वेळी मामंजींचा नियम आठवे.

१९९२ मध्ये, मृगाच्या आधी, मिस्सेत उत्पत्तीच्या पुस्तकातील अब्राहाम व लोत यांचे वाचन झाले. दोघांच्या गुराख्यांत भांडणे होऊ लागली, तेव्हा वडीलधाऱ्या अब्राहामाने पुतण्याला पुढे केले आणि सांगितले की तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. निवड आधी तुझी. लोताने पाण्याने भिजलेला यार्देनेचा सखल प्रदेश निवडला. परतीच्या एस.टी.त मामंजी काही बोलले नाहीत. रात्री रोडगा खाऊन झाल्यावर त्यांनी मोठ्या मुलाला सांगितले की आता सुरी शेतावर चालव. तू चारही एकरांची नव्याने दोन भागांत वाटणी आखायची, आणि कोणता भाग घ्यायचा ते धाकटा ठरवील.

हे तीन दिवस दोरी घेऊन शेतात फिरत होते. पश्चिमेला विहीर होती; पूर्वेला काळी, खोल जमीन. दोन्ही भाग सारख्या मापाचे केले असते, तर विहिरीचा भाग सरस ठरला असता. म्हणून तो त्यांनी थोडा लहान ठेवला, किती लहान याचा हिशोब दहा वेळा बदलला, आणि चौथ्या दिवशी दगड पुरले. रविवारच्या कापांवर हात बसला नसता तर त्यांना ते साधले असते असे मला वाटत नाही. भाऊजींनी लोताप्रमाणेच पाण्याची बाजू घेतली. त्यांच्या बाजूला सदोम नव्हते हे खरे, पण ती विहीर मार्च सरला की तळ दाखवी, हेही खरे. पाणी सामाईक ठरले. तीन दिवस एकाचे, तीन दिवस दुसऱ्याचे, आणि रविवारी मोटार बंद. वकिलांचे अर्ज मागे घेतले गेले. माझ्या यजमानांच्या मनातील अढी मात्र लगेच गेली नाही. बोलणे सुरू झाले ते प्रथम पाण्याच्या पाळीपुरतेच, नंतर बी-बियाण्यापुरते.

१९९५ च्या अखेरीस मामंजींना अर्धांगवायूचा झटका आला. चावता येईना, घास गिळणे कठीण झाले. रोडग्याच्या मधला मऊ भाग, डब्यात साचलेल्या रसात कुस्करून, चमच्याच्या टोकाने भरवला तर तो मात्र ते घेत. घास अगदी लहान असावा आणि त्यांना उशीला टेकवून नीट बसते केलेले असावे, ही काळजी घ्यावी लागे. एका संध्याकाळी हे भरवीत, दुसऱ्या संध्याकाळी भाऊजी; तेथेही पाळी लागली होती, ती कोणी लावली नव्हती. जानेवारी १९९६ मध्ये ते प्रभूच्या घरी गेले. दफनविधीनंतरच्या रविवारी बारा काप करायचे की अकरा, आणि सुरीची पाळी कोणाची, हे कोणाला सुचेना. दोघेही भाऊ डब्याकडे पाहत राहिले. अखेर जाऊबाईंनी सुरी उचलली आणि बाराच काप केले. तेव्हापासून सुरी बायकांकडे आहे.

आमची धाकटी मुलगी परिचारिका होऊन अमेरिकेस गेली. २००६ मध्ये सुट्टीवर आली तेव्हा तिने विजेचा एक ‘स्लो कुकर’ आणला. चिनी मातीचे जड भांडे, त्याभोवती तापणारे कडे, आणि मंद व अधिक मंद अशी दोन बटणे. त्याची वीज ११०-१२० व्होल्टची, आपली २३०ची. म्हणून सोबत भांड्याहून वजनदार असा ट्रान्सफॉर्मर. ते भारनियमनाचे दिवस होते. बटण दाबावे आणि तासाभरात वीज जावी. भांडे तसेच उचलून परसातील आरावर ठेवण्याची सूचना भाऊजींनी केली, आणि आमच्या घरातले त्या वर्षीचे सर्वांत मोठे हसणे त्यावर झाले.

त्या यंत्राची जन्मकथा तिने मला सांगितली ती मला फार मोलाची वाटते. अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या ज्यू संशोधकाची आई त्याला लिथुआनियातील विल्ना शहरातल्या आपल्या बालपणीची गोष्ट सांगे. शब्बाथ दिवशी घरात विस्तव पेटवू नये अशी निर्गमाच्या पुस्तकातील आज्ञा. म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी मांस, घेवड्याचे दाणे व कंदमुळे भरलेली मडकी पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवायची. भट्टी विझलेली, पण तिच्या भिंती तापलेल्या. दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपून आल्यावर मडके घरी न्यायचे, आत गरम कालवण तयार. त्याला ‘चोलेंट’ म्हणतात. ती भट्टी विजेवर उभी करता येईल का, या विचारातून नॅक्सनने हे भांडे बनवले. त्याचे पेटंट त्याला १९४० मध्ये मिळाले, आणि १९७१ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने ते ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले. आपल्याकडेही इंदुमाधव मल्लिक या बंगाली गृहस्थांनी १९१० मध्ये कोळशाच्या मंद आचेवर चालणारा इकमिक कुकर केला होता. १९५९ पासून प्रेशर कुकर आला आणि त्याच्या शिट्टीपुढे इकमिकचा धीर कोणाला राहिला नाही. दुपारी दोनला आरावर डबा ठेवून मिस्सेला निघणाऱ्या आम्हा माणसांना विल्नामधील त्या बायका अगदी घरच्या वाटल्या.

विजेच्या भांड्यातील रोडग्याविषयी माझे मत विचाराल तर तो मऊ होतो, पण त्याला खरपूस कड येत नाही आणि गोवरीचा वास तर नाहीच. तरीही मी त्याला नावे ठेवणार नाही. मुलगी बारा तासांची पाळी करून मध्यरात्री घरी येते. जावई वेगळ्या पाळीवर असतो, मुले शाळेतून येऊन आपापल्या वेळी जेवतात, आणि भांडे कोपऱ्यात मंद तापत प्रत्येकाची वाट पाहत असते. माझ्या वडिलांनी ते पाहिले असते तर त्यांना भुसावळची रनिंग रूमच आठवली असती. फक्त रविवारी, ती सांगते, सर्व जण येईपर्यंत झाकण काढायचे नाही असा नियम तिने तेथेही ठेवला आहे.

येथे आता गॅस आहे, वीज बरीच बरी आहे, आणि गोवऱ्या विकत घ्याव्या लागतात. हे अठ्ठ्याहत्तरीत आहेत, भाऊजी त्र्याहत्तरीत. दोघांचे मिळून जेवढे दात शिल्लक आहेत तेवढ्यांत एका माणसाचे जेमतेम भागेल, त्यामुळे मधले मऊ काप त्यांच्यासाठी राखावे लागतात. पाण्याची पाळी अजून आहे. मोटारीच्या बिलावरून महिन्यातून एकदा आवाज चढतो आणि रविवारपर्यंत उतरतो. नऊ इंची डब्याला मी दोनदा डाग देऊन घेतला. जाऊबाई बाराच काप करतात. कडेच्या खरपूस कापांवर मात्र नातवंडांचा डोळा असतो, आणि डब्याला कडा दोन, नातवंडे पाच.